दाजींची अवस्था

...नाही, पण मी काय म्हणतो, शिका ना! इंग्रजी शिका, पोहायला शिका, उतारवयात सतार वाजवायला शिका, आमचं काही म्हणणं नाही. पण जे शिकलात ते चपलांबरोबर दाराबाहेर काढून मग घरात या की हो! आमच्या दाजींनी काय केलं? इंग्रजी व्याकरणाचं एक कलम, फक्त एकच कलम उचललं, आणि ते बगलेत मारून घरात, जिन्यात, दुकानात, जेवताना, आंघोळीला जाताना… तुम्हाला सांगतो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं यांचं व्याकरण पाठीवर! आणि नांगी बसायची ती आम्हाला!

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचे जबडे ओततो, गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवतो, दात बसवतो. म्हणजे बसवतात ते, घासतो मी. मेहुण्याला घासायलाच ठेवतात, त्यात काही नवीन नाही. तर असा हा माणूस, आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघत आला, पण तोंडातून काय बाहेर पडतं याच्याशी यांना कधी देणंघेणं नव्हतं. मी लग्न करून बायको घरी आणली, तर हिच्याकडे बघून पहिलं वाक्य काय? "खालची दाढ किडतेय, वेळीच दाखवून घ्या." झालं! तेच आशीर्वाद!

अशा माणसाला इंग्रजी कशाला हवं? तर नातीसाठी. माझी भाची, म्हणजे यांची एकुलती एक लेक, लग्न करून परदेशात गेली, तिला मुलगी झाली, आम्ही तिला म्हणतो ठकी. आता ही ठकी बोलते फक्त इंग्रजी. भाचीला विचारलं, अगं, पोरीशी मराठीत का नाही बोलत? तर म्हणे, "मामा, ती गोंधळते." गोंधळते! ती नाही गोंधळत, तिचे आजोबा गोंधळतात!

तर दर रविवारी सकाळी फोन यायचा, तो चेहरा दिसणारा. दाजी दाढी करून, केसांना पाणी लावून बसणार, आणि पडद्यावर ठकी आली की सुरू, "आय ॲम लव्हिंग यू! आय ॲम वॉन्टिंग टू सी यू! आय ॲम हॅविंग न्यू चष्मा!" त्यांचा हिशेब सरळ होता. 'मला माहीत आहे' म्हणतो की नाही आपण? मग तो 'आहे' कुठंतरी नको का घालायला? म्हणून 'आय ॲम नोइंग'. आता यात चुकलं काय, मला अजून कळलेलं नाही. पण ठकी खुदकन हसली आणि आईला म्हणाली, "मम्मी, आजोबा टॉक्स फनी," आणि गेली की हो खेळायला!

बस्स. तो 'फनी' शब्द दाजींना लागला. दिवसभर एका जबड्यात पुढचे दात मागे आणि मागचे पुढे बसवत होते. संध्याकाळी म्हणाले, "अरे, मी क्लास लावतोय." मला वाटलं, पोट उतरवायला. कारण ज्या इमारतीकडे बोट दाखवलं, तिथं व्यायामशाळा आहे. पण व्यायामशाळा खाली, इंग्रजीचा क्लास वर. म्हणजे खाली धाडधाड वजनं आपटतायत, 'उचल, उचल, अजून एक' चाललंय, आणि वर बाई फळ्यापुढं उभ्या राहून सांगतायत की काही क्रियापदांत काहीही हलत नाही. खाली सगळी क्रिया, वर सगळी अवस्था!

मी एकदा त्यांना सोडायला गेलो आणि मागं बसून राहिलो, म्हणून माहीत आहे. (आय नो. नोइंग नाही!) बाई किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र असा की खालच्या पैलवानानं वजन खाली ठेवावं. "ज्याला सुरुवात करता येते, जे थांबवता येतं, ती क्रिया! रन, रनिंग. ईट, ईटिंग. पण नो, लाइक, लव्ह, वॉन्ट, बिलीव्ह, अंडरस्टँड, ही काय आहे?" सगळा वर्ग एका सुरात, "अवस्था!" "मग 'नो'ला इंग लागतं का?" "नो!" आता हा कुठला नो, माहीत असण्याचा की नकाराचा? मी विचारणार होतो, पण बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच अवस्थेत गेलो.

पुढच्या बाकावर एक ब्युटी पार्लरवाली होती. ती उठली. "मॅडम, आय ॲम हेटिंग माय सासू?"

"नो. आय हेट."

"पण मॅडम, रोज चालूच असतं की!"

"चालू असलं तरी नाही. तो द्वेष आहे, नळ नाही!"

आणि दाजी? दाजींचे डोळे असे चमकले, जणू कुणी अख्खी बत्तिशी एका फटक्यात बसवून दिली. खाली उतरताना म्हणाले, "अरे, किती खरं आहे! पाच मिनिटं 'माहीत' करून दाखव बरं. येतंय? नाही. पाच मिनिटं 'प्रेम' करून दाखव." म्हटलं दाजी, जिन्यात नको, लोक बघतायत. "नाहीच करता येत! ते असतं! अवस्था, हो, अवस्था!"

आणि इथून आमचे हाल सुरू झाले.

ताई आतून हाक मारणार, "अहो, ऐकताय ना?" हे पेपर खाली न करता, "हिअर आणि लिसन यांत फरक आहे. मला तुझा आवाज येतो, ही अवस्था. ऐकणं ही क्रिया. ती मी सध्या करत नाहीये." आता सांगा, कुठल्या बायकोनं हे ऐकून घ्यावं? ताई म्हणाली, "मग कपडे दोरीवरून काढणं काय आहे, क्रिया की अवस्था?" हे म्हणाले, "क्रिया." "मग करा!" बरं, आमच्या ताईची शाळा अर्ध्यावर सुटली, पण मराठी अशी खणखणीत की भाजीवाला सुद्धा तिच्यापुढं जोडाक्षरं नीट म्हणतो. ती मला म्हणाली, "अरे, यांना काय झालंय?" म्हटलं ताई, झालं काही नाही, आहे. अवस्था आहे!

दुकानात तर बोलायची सोय नाही. फडताळात ओळीनं जबडे मांडलेले, सगळे आ वासून, आणि दाजी त्यांच्यापुढं उभे राहून घोकतायत, "हॅव! मालकीचं हॅव असेल तर इंग नाही. आय हॅव अ वाइफ. चहा पीत असलो तर इंग. आय ॲम हॅविंग टी." मध्येच माझ्याकडे वळून, "'आय ॲम हॅविंग अ वाइफ' म्हटलं तर काय होईल?" म्हटलं, काय होईल? "मी तिला खातोय असं होईल!" दाजी, तुम्ही तिला? अहो, इतकी वर्षं उलट चाललंय!

आणि मग तो रविवार आला.

दाजी तयार. नवा सदरा. ओठ हलतायत, लग्नाची बोलणी करायला जावं तसे. मी आणि ताई मागं उभे. पडद्यावर ठकी आली ती उड्या मारतच, हातात बूट, लाल, टाच टेकली की दिवा लागणारे. "आजोबा! आजोबा! लुक! आय ॲम लव्हिंग माय न्यू शूज!"

मला दाजींची मान ताठ झालेली दिसली. म्हटलं, नका. दाजी, नका. मनात म्हटलं, तोंडानं म्हणायची आपली काय बिशाद!

"नो, नो," दाजी म्हणाले. गोड आवाजात, बरं का. प्रेमानं. "नॉट लव्हिंग. आय लव्ह माय शूज. लव्ह इज स्टेट. से अगेन."

ठकीचा बूट हवेतच थांबला. "आय… लव्ह माय शूज."

"गुड! अगेन."

"आय लव्ह माय शूज."

"व्हेरी गुड! अगेन!"

अहो, पोरीला बूट दाखवायचे होते हो! दिवा लागतो ते दाखवायचं होतं! तिनं बूट हळूच खाली ठेवला, खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन, एकेक शब्द तोडून म्हणाली, "आय. डोन्ट. लाइक. यू." आणि पडदा काळा.

 ताईनं पदर तोंडाला लावला. आणि दाजी? दाजी खुर्चीतून अर्धे उठले, माझा दंड धरला, चेहरा उजळलेला. "ऐकलंस? ऐकलंस काय म्हणाली? 'आय डोन्ट लाइक'! 'आय ॲम नॉट लाइकिंग' नाही म्हणाली! एका दिवसात! एका दिवसात शिकली माझी नात!"

मी त्या माणसाकडे बघत राहिलो. आणि बघता बघता, तुम्हाला सांगतो, त्यांचं हसू जे उतरायला लागलं ना… कच्च्या मेणात बसवलेला दात कसा हळूच कलतो, तसं. खाली बसले. म्हणाले, "म्हणजे… अवस्था आहे ती."

म्हटलं, कसली?

"चालू असती तर थांबली असती रे. 'आय ॲम नॉट लाइकिंग' म्हणाली असती तर आज राग आहे, उद्या नाही, असं तरी झालं असतं. पण तिनं बरोबर म्हटलं. बरोबर म्हटलं म्हणजे… ते आहेच."

 साधा लहान पोरीचा रुसवा, पण या माणसानं त्याला व्याकरणाच्या तिजोरीत घालून कुलूप ठोकलं! ताई म्हणाली, "अहो, पोर आहे, विसरेल." तर म्हणे, "विसरणं वेगळं." दुसऱ्या दिवशी क्लास नव्हता तरी गेले, मला बरोबर घेऊन. बाई वह्या तपासत होत्या. हे दारातच उभे. "मॅडम, अवस्था बदलते का?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "बदलते की. पण इंग लावून नाही बदलत." आणि मग, ऐका हं, मग सहज, अगदी सहज म्हणाल्या, "तसं 'आय ॲम लव्हिंग इट' म्हणतात हल्ली बोलताना. आनंदाच्या भरात. अगदीच चूक नाही ते."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"ते पुढच्या भागात आहे."

पुढच्या भागात! अहो, इथं एका आजोबाचा संसार उधळला आणि बाईंचं पुस्तक पुढच्या भागात! खाली कुणीतरी वजन आपटलं, दाजी दचकले सुद्धा नाहीत. असे जिना उतरले की मला वाटलं, आता यांना उचलून न्यावं लागतंय.

नंतरचे रविवार काय विचारू नका. फोन यायचा, पण पडद्यावर भाची आणि मागं सोफ्याचा कोपरा. कधी त्या कोपऱ्यातून एक लाल बूट दिसायचा, दिवा लुकलुकायचा आणि आत ओढला जायचा. "बाबा, ती नाही येत म्हणते." "राहू दे," दाजी म्हणायचे, "जबरदस्ती नको," आणि त्या बुटाकडे बघत बसायचे. क्लास सोडला. घरात इंग्रजी बंद. ताई 'अहो, ऐकताय ना' म्हणाली की मुकाट्यानं ऐकायचे. तिलाच ते सोसेना! मला म्हणाली, "यांना सांग रे काहीतरी, निदान माझी चूक तरी काढा म्हणावं." बघा, ही आणि एक अवस्था!

मग सुट्टीत भाची ठकीला घेऊन आली. दारात टॅक्सी थांबली, ठकी उतरली आणि जी आईच्या मागं दडली, ती दडलीच. दाजी एका कोपऱ्यात उभे, हात मागं बांधून.  ताईनं मात्र पोरीचा ताबा घेतला. "ये गं माझी बाय, दमलीस का, किती वाळलीस, तुझी आई तुला खायला घालते की नुसती गोष्टी सांगते," असं अस्सल मराठीत, न थांबता. ठकीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि ती मजेत मान हलवत होती! म्हणजे बघा, जिनं व्याकरणाचं तोंड पाहिलं नाही तिच्या मांडीवर नात, आणि जे क्लासला जाऊन झिजले ते कोपऱ्यात!

एका सकाळी भाचीला आणि ताईला खरेदीला जायचं होतं. ठकीला कुठं ठेवायचं? "बाबांकडे दुकानात ठेवू," भाची म्हणाली. दाजींचा चेहरा असा झाला, जणू यांचीच दाढ काढायची आहे. तरी नेलं. ठकी पुढं, बूट लुकलुकतायत, हे हातभर मागं, आणि यांच्या मागं मी.

दुकानात शिरली आणि थबकली. समोर फडताळ, ओळीनं जबडे. भिंतभर! तोंडात बोट घालून म्हणाली, "आर दोज… रिअल?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी घासणारा! क्रियापदाची त्यांनी एवढी धास्ती घेतलेली की नुसतं म्हणाले, "टीथ."

"हूज टीथ?"

"पीपल… टीथ." पुन्हा बंद. दोघं एकमेकांकडे बघतायत. मी घासायचं यंत्र सुद्धा बंद केलं. आणि मग, मला माहीत नाही त्यांना काय सुचलं, त्यांनी एक वरचा जबडा उचलला, एक खालचा उचलला, दोन्ही तिच्यासमोर धरले आणि खटाखट आपटत, किनऱ्या आवाजात, "हॅलो! आय ॲम हॅविंग नो स्टमक!"

ठकीचे डोळे विस्फारले.

"आय ॲम हॅविंग नो नोज! आय ॲम वॉन्टिंग युअर नोज!" खट खट खट! "आय ॲम नोइंग यू! यू आर हॅविंग रेड शूज! आय ॲम लव्हिंग रेड शूज!"

अहो, काय सांगू! बाईंनी फळ्यावर लिहून ज्याच्यावर फुली मारली होती ते एकूण एक क्रियापद, एकूण एक, त्या जबड्यानं इंग लावून बाहेर काढलं! आणि पोरगी हसतेय! खाली बसून, पोट धरून हसतेय! "अगेन!" म्हणाली. दाजींनी पुन्हा केलं. "अगेन!" या वेळी 'अगेन' कोण म्हणतंय बघा! मग उठली, कमरेवर हात ठेवला, आणि जबड्याला म्हणाली, "नो, सिली! नॉट 'नोइंग'. यू से, 'आय नो'. से अगेन!"

जबडा म्हणाला, "आय ॲम नोइंग."

"नो-ओ-ओ!"

अर्धा दिवस हेच चाललं. ठकी शिकवतेय, जबडा चुकतोय, दाजींच्या कपाळावरून घाम आणि डोळ्यांतून… काही नाही, प्लास्टरची धूळ जाते डोळ्यांत, आमच्या धंद्यात होतं तसं. एक कवळी त्या दिवशी पूर्ण होणार होती, डॉक्टरचा माणूस येऊन रिकामा परत गेला. ज्याची होती तो बिचारा नुसत्या हिरड्यांनी जेवला असेल. त्याची अवस्था कोण विचारतो!

ठकी निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत. बॅगा भरून भिंतीशी. ठकी आईच्या कानात काहीतरी पुटपुटली, भाचीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ही दाजींसमोर येऊन उभी राहिली. हात मागं. श्वास घेतला. आणि मराठीत, बरं का, आयुष्यात पहिल्यांदा मराठीत म्हणाली,

"आजोबा, मला तू आवडत आहे."

मंडळी, दाजींनी चहाचा कप खाली ठेवला.  नुसता हात पुढं केला, पोर हाताशी येणार, एवढ्यात…

"आवडत आहे काय गं!" ताई. स्वयंपाकघराच्या दारातून. खणखणीत. "आवडत आहे असं नसतं, बाळा. आवडणं काय चालू असतं होय? 'मला तुम्ही आवडता' असं म्हण. म्हण बघू पुन्हा!"

ठकी थांबली. आजीकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. खालचा ओठ… आला की हो बाहेर!

मी डोळे मिटले. आणि तेवढ्यात दाजी उठले. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांच्या संसारात बायकोवर आवाज न चढवलेला माणूस, पोरीला एका हातानं जवळ घेऊन, दुसऱ्या हाताचं बोट ताईवर रोखून, कडाडला. आणि रागाच्या भरात कशात? तर इंग्रजीत!

"यू डोन्ट अंडरस्टँड! शी लव्ह्ज मी! आय नो इट! आय डोन्ट नीड ग्रामर! आय वॉन्ट सायलेन्स इन धिस हाउस!"

एकही इंग नाही! एवढ्या संतापात एकही नाही! भाची थक्क, ठकीनं टाळ्या वाजवल्या. ताई दारात पुतळ्यासारखी. मग हळूच माझ्याजवळ सरकली, कानाशी लागली, "काय रे म्हणाले?"

आता काय सांगू? भावाच्या धर्माला जागू, की मेहुण्याच्या नोकरीला? म्हटलं, "ताई, काय म्हणाले ते राहू दे. पण व्याकरण एकदम शुद्ध होतं."

ताईचा चेहरा काय खुलला म्हणता! पदर सावरला, मान ताठ केली, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी गेल्या गेल्या, तुम्हाला सांगतो, खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक दार वाजवून सांगत सुटली, "अहो, ऐकलंत का? आमचे हे आता माझ्याशी इंग्रजीत भांडतात!"